कॉम्प्रेशन गेज, आठ महिन्यांनी: सगळं ठीक, ती पिन सोडून

काल संध्याकाळी गेजचा, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरमधला हवेचा दाब (कॉम्प्रेशन) मोजणाऱ्या मीटरचा, काटा १४० पीएसआयवर चढला आणि डोळ्यांदेखत शून्यावर येऊन बसला. परत तीच पिन, तो दाब धरून ठेवणारी! म्हणून हे लिहायला घेतलं.

गाडी मारुती ८००, कार्बोरेटरवाली, १९९७ची. गेल्या पावसाळ्यात चोर्ला घाटात दुसऱ्या गियरलाही दम टाकायला लागली. सकाळी तर तिनातला एक सिलिंडर झोपलेलाच असायचा. गॅरेजवाल्याने नुसता आवाज ऐकला आणि निकाल दिला, "कॉम्प्रेशन गेलंय. रिंगा, बोअरिंग, २८ हजार धरा." म्हणजे पिस्टनच्या रिंगा बदलायच्या आणि सिलिंडर आतून कातायचे. मोजलंत का, विचारलं तर म्हणे, "कान कशाला आहेत?" त्या कानांचे २८ हजार द्यायची माझी तयारी नव्हती. ७८० रुपयांचं गेज मागवलं.

प्लगच्या जागी पेचाने बसणारंच घ्या. रबरी टोकाचं स्वस्त पडतं, पण ते दाबून धरता धरता हवा निसटते. पेच मात्र हातानेच फिरवा. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर रडाल.

इंजीन गरम केलं, तिन्ही प्लग काढले, कॉइलची वायर काढून अर्थ केली, म्हणजे ठिणगी पडायला नको. भाच्याला अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारायला बसवलं. अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर आत पुरेशी हवा जात नाही, आकडा खोटा येतो. आले १६५, १६० आणि ९५. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं: १००. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट बुजून काटा चांगला वर गेला असता. म्हणजे हवा वरून, व्हॉल्व्हमधून जात होती. शेजारचा सिलिंडर ठणठणीत, म्हणून हेड गॅस्केटचा, म्हणजे हेडखालच्या हवाबंद पट्टीचा, संशयही मागे टाकला. टॅपेट कव्हर, म्हणजे व्हॉल्व्हवरचं झाकण, उघडलं तर तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला (धूर बाहेर सोडणाऱ्या) ठेवायची ती बारीक फटच नाही! फट मोजायच्या फीलर गेजचं सगळ्यात पातळ पातं जाईना. व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं सीटमध्ये रुतत जातो, फट संपते, मग तो पूर्ण मिटतच नाही. फट दिली, आठवडाभर गाडी चालवली, १५० आले. घाटही चढली.

इथवर पाच तारे.

मग डिसेंबरात नळीच्या टोकाची पिन गळायला लागली. ट्यूबच्या व्हॉल्व्हमध्ये असते अगदी तशीच दिसते. पंक्चरवाल्याने फुकट दिली, मी खूश. पुढच्या मोजणीत १३०, १२५, ११५. दोन रात्री झोप नाही. बोअरिंगचे पैसे कुठून काढायचे याचाच हिशेब. तिसऱ्या दिवशी डोक्यात ट्यूबलाइट पेटली: तिन्ही सिलिंडर एकाच महिन्यात पस्तीस-पस्तीसने कसे झिजतील? धूर नाही, ऑइल खात नाही. खोटं इंजीन बोलत नव्हतं, गेज बोलत होतं. टायरच्या पिनेची स्प्रिंग कडक असते. तिला उघडायलाच दाब खर्च होतो आणि काट्यापर्यंत कमी पोचतो. गेजची पिन हलक्या स्प्रिंगची लागते. चूक माझ्या फुकटेपणाची, पण ही एक ओळ डब्यावर छापायला कंपनीचं काय जात होतं?

म्हापशात, पणजीत विचारलं. जो तो टायरचीच पिन पुढे करतो. शेवटी बाहेरून मागवली. पिन ९० रुपये, कुरिअर १२०! तांदळाएवढी वस्तू. बसवल्यावर १६२, १६०, १५०.

बाकी तक्रारी किरकोळ. पावसाळ्यात लोखंडी टोकाला गंज धरतो, ऑइलचं फडकं फिरवून ठेवा. डबा तकलादू.

त्या गॅरेजवाल्याला आकडे दाखवायला गेलो होतो. त्याने गेज उलटसुलट करून बघितलं आणि दुसऱ्या गाडीसाठी दोन दिवस मागितलं. तीन आठवड्यांनी परत आलं, डब्याशिवाय.

काल पिन काढली तर रबरावर कार्बनचा कण अडकलेला. पुसून बसवली, काटा टिकला. पण टिकला तो १४० वर, तिसऱ्याचा. रविवारी टॅपेट कव्हर परत उघडतोय. पिना या वेळी चार मागवल्यात, कुरिअर एकदाच.