एंटरप्राइझ एसएसडी कंपनीची फेरी: लाईन झटपट बघा, वेळ मागच्या रॅकपाशी घालवा

सर्व्हरसाठी एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारे ड्राइव्ह, बनवणाऱ्या कंपन्या मोठ्या गिऱ्हाइकांना कारखाना हौसेने दाखवतात. अंगात कोट, टाचेला अँटीस्टॅटिक पट्टी आणि काचेपलीकडे सरसर चालणारी यंत्रं. फेरी बघण्यासारखी असतेच, फक्त त्यातला सगळ्यात देखणा भाग सगळ्यात कमी कामाचा असतो.

चिप बनताना बघायला मिळेल ही आशा मात्र ठेवू नका. डेटा साठवणाऱ्या नँड फ्लॅश चिपचे वेफर (ज्यातून चिप कापतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, किऑक्सिया अशा मोजक्या कंपन्यांच्या फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात, होतात, बाकीचे नँड विकत आणतात. बोर्ड, फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) आणि चाचण्या, बघायचं ते हेच.

बोर्डावर पार्ट बसवून सोल्डर करणाऱ्या एसएमटी लाईनला अर्धा तास पुरे. स्टेन्सिलवरून सोल्डर पेस्ट, तिची जाडी मोजणारं यंत्र, पार्ट बसवणारं मशीन, मग रिफ्लो ओव्हन. बिनशिशाची पेस्ट साधारण २१७ अंश सेल्सियसला वितळू लागते, म्हणून ओव्हन २४०-२५० पर्यंत चढवतात. इथे कोरड्या कपाटाची नोंदवही मागा. एमएसएल-३ दर्जाची (एमएसएल म्हणजे ओलाव्याला चिप किती नाजूक याची श्रेणी) चिप पाकीट फोडल्यावर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंत १६८ तासच बाहेर राहू शकते, पुढे ती भट्टीत वाळवावी लागते. नाहीतर आत मुरलेल्या ओलाव्याची ओव्हनमध्ये वाफ होते आणि चिप लाहीसारखी आतून फुटते. वहीत पाकीट फोडल्याची वेळ लिहिलेली नसेल, तर काचेपलीकडचा चकचकाट विसरा. बीजीए, म्हणजे सोल्डरच्या गोळ्यांवर बसणाऱ्या चिपचे सांधे तिच्या पोटाखाली असतात, ते कॅमेऱ्याला दिसत नाहीत. एक्स-रे कुठे आहे तेही विचारून घ्या.

खरा मुक्काम वीज तोडणाऱ्या रॅकपाशी. एंटरप्राइझ ड्राइव्ह 'लिहिलं' असं सर्व्हरला कळवतो तेव्हा डेटा बहुधा अजून बफरमध्येच, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या तात्पुरत्या मेमरीत, असतो. तेवढ्यात वीज गेली तर तो नँडवर उतरवायला लागणारी ऊर्जा बोर्डावरच्या कपॅसिटरांच्या रांगेतून येते. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १२ व्होल्टऐवजी ३० वर भरलं की त्याच कपॅसिटरात सव्वासहा पट ऊर्जा मावते. चाचणी वरकरणी सोपी: क्रमांक आणि चेकसम (डेटा बिघडला का ते सांगणारा पडताळणीचा आकडा) घातलेला डेटा लिहीत राहायचा, मध्येच वीज तोडायची, पुन्हा चालू करून पोच दिलेला प्रत्येक ब्लॉक तपासायचा. असं हजारो वेळा.

पण तोडायचं कसं, यात सगळी मेख आहे. झटक्यात तुटलेली वीज बहुतेक ड्राइव्ह झेलतात. व्होल्टेज हळूहळू घसरलं, किंवा आधीच्या झटक्यातून सावरत मॅपिंग टेबल (कुठला डेटा नँडवर कुठे आहे याची यादी) पुन्हा जुळवताना दुसरा झटका बसला, की कच्चं फर्मवेअर उघडं पडतं. हे दोन्ही प्रकार करून दाखवा म्हणायचं. कपॅसिटर उष्णतेने आणि वयाने दुबळे होतात, तेव्हा ड्राइव्ह त्यांची क्षमता मधूनमधून स्वतः मोजतो का, तेही विचारा. कपॅसिटरांचा हा बॅकअप निकामी झाल्याचं सांगायला एनव्हीएमईच्या (सर्व्हर आणि एसएसडी ज्या पद्धतीने बोलतात तिच्या) स्मार्ट नोंदीत, म्हणजे ड्राइव्हच्या तब्येतीच्या नोंदीत, वेगळा बिट आहे. एका ड्राइव्हचा कपॅसिटर काढून तो बिट उठताना दाखवणारी कंपनी निम्मी परीक्षा तिथेच पास झाली.

वेगाच्या प्रात्यक्षिकावर भाळू नका. कोऱ्या ड्राइव्हचा आकडा सगळ्यांचाच छान येतो. पूर्ण क्षमता दोनदा भरून, मग आकडा एका पातळीवर स्थिरावेपर्यंत ४ केबीचं रँडम लेखन चालवलं की खरा वेग कळतो. शिवाय ३.८४ टीबी आणि ३.२ टीबीची मॉडेल शेजारी ठेवलेली दिसली, तर आतलं नँड बहुधा तेवढंच असतं. दुसऱ्यात राखीव जागा जास्त, त्यामुळे लेखन सोसण्याची ताकद जास्त. ३.८४ टीबीला रोज एक पूर्ण लेखन, पाच वर्षं, म्हणजे सुमारे ७,००० टीबी, ३.२ टीबीला रोज तीन, म्हणजे १७,५२० टीबी.

भिंतीवर '२० लाख तास एमटीबीएफ' (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) लिहिलेलं असतं. ते एका ड्राइव्हचं आयुष्य नव्हे: हजार ड्राइव्ह वर्षभर चालवले तर चारेक जातील, एवढाच त्याचा अर्थ. उष्णतेच्या कपाटापाशी जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या जेईएसडी२१८ या एसएसडीच्या मानकाचा विषय काढा. एंटरप्राइझ वर्गात झिजलेल्या ड्राइव्हने विजेविना ४० अंशाला तीन महिने डेटा टिकवला की पुरे. घरगुती वर्गात ३० अंशाला एक वर्ष. जुना सर्व्हर ड्राइव्ह कपाटात टाकून 'बॅकअप आहे' म्हणणाऱ्यांनी इथे जरा थबकावं.

फर्मवेअर लॅबमध्ये बघण्यासारखं काही नसतं, विचारण्यासारखं खूप. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने आपल्या काही एसएएस (सर्व्हरमधली एक जोडणी) एसएसडींबद्दल इशारा दिला होता: जुन्या फर्मवेअरवर ३२,७६८ तास भरले की ड्राइव्ह बंद, डेटाही गेला. चिन्हासह १६ बिटांत ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावतच नाही. एकाच दिवशी बसवलेले ड्राइव्ह एकाच सुमारास जाणार, मग रेड (एक ड्राइव्ह गेला तरी बाकीच्यांतून डेटा वाचवणारी मांडणी) काय वाचवणार? म्हणून सरळ विचारा: तासांचे काउंटर मुद्दाम काठावर नेऊन ड्राइव्ह चालवता का? उत्तर देताना इंजिनिअर स्क्रीनकडे वळला तर थांबा, सेल्सवाल्याकडे वळला तर पुढे चला.

फेल्युअर अॅनालिसिसचं, म्हणजे बिघडलेल्या ड्राइव्हचं कारण शोधण्याचं, टेबल सहसा फेरीत नसतं. ते मागून घ्या. परत आलेला एखादा ड्राइव्ह, त्याचा एक्स-रे आणि कारण लिहिलेला अहवाल, गिऱ्हाइकाचं नाव झाकून का होईना, समोर ठेवायला लावा.