शंभर टक्के निकालाची शाळा की ऐंशी-नव्वदवाली? आठवीचा प्रवेश ठरवताना

इचलकरंजीत सातवीनंतर मराठी माध्यमाचं हायस्कूल शोधायला निघालं की दोन तऱ्हेच्या अनुदानित शाळा समोर येतात. एक पेठेतली, नावाजलेली, फाटकावर ‘दहावीचा निकाल 100 टक्के’ असा फ्लेक्स मिरवणारी. दुसरी कामगार वस्तीला लागून, निकाल ऐंशी ते नव्वदच्या मध्ये कुठेतरी. पुस्तकं दोन्हीकडे बालभारतीची, बोर्ड कोल्हापूर विभागाचं, सेमी इंग्रजीची तुकडी दोन्हीकडे. नावं मुद्दाम घेत नाही. गावातल्यांना कळतीलच, आणि बाहेरच्यांना आपापल्या गावात अशी जोडी सापडेल.

आधी निकालाचं बघू, कारण नातेवाईक पहिल्यांदा तेच विचारतात. राज्याचा दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे गुण काढले आणि तो 77.10 वर आला. गुण परत दिले, 2020 मध्ये 95.30. पोरं काही एका वर्षात ढ आणि दुसऱ्या वर्षात हुशार झाली नव्हती. 2021 मध्ये तर लेखी परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला 99.95 टक्के. तेव्हा टक्केवारी पाहताना पेपर कसा होता आणि पेपरला बसलं कोण, हे दोन प्रश्न मी आधी विचारतो. तरीही 2025 चा राज्याचा निकाल 94.10 असताना आपण निवडलेली शाळा त्याच्या खाली आहे हे बघून थोडं टोचतं, ते नाकारत नाही.

आता बसलं कोण. पेठेतल्या शाळेत डॉक्टर, कापड व्यापारी, शिक्षक-प्राध्यापक यांची मुलं जास्त. घरी अभ्यासाची खोली, संध्याकाळी क्लास. वस्तीजवळच्या शाळेत यंत्रमाग कामगार, वहिफणीवाले, कांड्या भरणाऱ्या बायका, सायझिंगमध्ये पाळी करणारे यांची मुलं. बऱ्याच घरांत दहावीला बसणारं हे पहिलंच मूल. कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी हिंदी, आणि शाळेत येऊन मराठीतून विज्ञान. एवढं असून ऐंशीच्या वर मुलं पास होतात याला मी तरी कमी म्हणणार नाही. पण हे माझं मत झालं. तुमच्या मुलाला चुरस लागते, पहिल्या पाचात यायची ईर्षा असते, तर पेठेतली शाळा त्याला मानवेल. डिसेंबरला पोर्शन संपतो, मग एकामागून एक सराव परीक्षा. हे दुसरीकडे नाही. तिथे तर इंग्रजीचे सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा दिवाळीनंतर भरली. वर्गात सत्तरच्या आसपास पोरं, मागच्या बाकावर काय चाललंय ते बाईंना दिसतही नसावं.

इतकं सगळं पेठेतल्या शाळेच्या बाजूने असताना मन कशावरून फिरलं, तर एका कागदावरून.

प्रवेशाच्या फाइलमध्ये वह्यांची यादी, गणवेशाच्या दुकानाची चिठ्ठी आणि त्याखाली हमीपत्र होतं. मजकूर असा की पाल्याला नववीच्या वार्षिक परीक्षेत अपेक्षित गुण न मिळाल्यास मी स्वखुशीने त्याचा दाखला काढून घेईन. स्वखुशीने! अपेक्षित म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही. क्लार्कला विचारलं तर म्हणाले, “अहो, सगळेच सह्या करतात. तुमच्या मुलीला काय अडचण आहे?”

मुलीला अडचण नव्हती. तिचे गुण बरे आहेत. पण मग गल्लीतल्या एका मुलाचं आठवलं. नववीत गणितात अडकला, वडिलांना बोलावून दाखला हातात दिला, आणि त्याने 17 नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी दिली. मंडळाच्या निकालात नियमित आणि खाजगी विद्यार्थी वेगळे मोजतात. त्यामुळे तो पास झाला काय, नापास झाला काय, फ्लेक्सवरच्या आकड्याला धक्का नाही. पूर्वी आठवीपर्यंत नापास करता येत नसे. 2023-24 पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली, तरी शाळेतून काढता येत नाहीच. म्हणून पोरं गाळली जातात ती नववीत.

हे तपासायला कुणाची ओळख लागत नाही. युडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर शाळेचं रिपोर्ट कार्ड निघतं, त्यात इयत्तावार पटसंख्या असते. एका वर्षाची नववी आणि पुढच्या वर्षीची दहावी शेजारी ठेवा. थोडीफार गळती सगळीकडे असते. कुणी गावी जातं, कुणाचं लग्न उरकतात, कुणी मागावर लागतं. पण नववीला चार तुकड्या आणि दहावीला तीनच, हे दरवर्षी होत असेल तर विचारायला हवं. वस्तीजवळच्या शाळेत दहावीचा पट नववीएवढाच होता. कच्ची पोरंही परीक्षेला बसवतात, म्हणून निकाल पडतो.

आणखी एक, जरा बारीक गोष्ट. मी दोन्ही शाळांतल्या ओळखीच्या मुलांच्या विज्ञानाच्या वह्या मागून घेतल्या. पेठेतली वही देखणी, खाडाखोड नाही, सगळी उत्तरं फळ्यावरून उतरवलेली, शब्द न् शब्द सारखी. दुसरीत ‘विद्युतधारा’ची व्याख्या लाल शाईने खोडलेली, समासात बाईंचं ‘पुन्हा लिही’, आणि खाली मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेली दोन वाक्यं. दोन वह्यांवरून शाळा ठरवू नये म्हणतात. मी ठरवली.

एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचंही बघा. आठवीची ही परीक्षा फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या, वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आतल्या मुलांसाठी असते. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये. पेठेतल्या शाळेत त्याचा फारसा गाजावाजा नाही, बहुतेकांचं उत्पन्नच बसत नाही. वस्तीजवळच्या शाळेत एक सर शाळा भरण्याआधी तासभर बुद्धिमत्तेचे प्रश्न सोडवून घेतात, वेगळी फी न घेता. ज्यांचं उत्पन्न बसतं त्यांनी हा तास हिशेबात धरावा.

माझी मुलगी आता वस्तीजवळच्या शाळेतच दहावीला आहे. इंग्रजीसाठी बाहेर क्लास लावावा लागला, तो खर्च धरूनच चला. तुम्ही पेठेतली शाळा घेतली तरी मी नावं ठेवणार नाही, फक्त हमीपत्रावर सही करण्याआधी ‘अपेक्षित गुण’ म्हणजे किती ते लेखी मागा. आणि वस्तीजवळची घेणार असाल तर जुन्या शाळेतून दाखला काढण्याआधी सेमीच्या तुकडीत जागा आहे का ते पक्कं करा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती भरलेली असते.