बडोद्याच्या दांडिया बाजारातला फोटो स्टुडिओ: थ्रीडी चेहरा घडवणाऱ्यांच्या कामाचा आहे का?

पासपोर्ट आणि साखरपुड्याच्या फोटोंवर चालणारा हा स्टुडिओ सांगितलं तर डिजिटल शिल्पासाठी, म्हणजे कॉम्प्युटरवर चेहरा घडवताना समोर ठेवायला, रेफरन्सचे फोटोही काढून देतो. 1,500 रुपयांत 16 फोटो. मोबाइल असताना एवढे पैसे कशाचे? अंतराचे.

नाकाचं टोक कानाच्या साधारण 12 सेंमी पुढे असतं. मोबाइल 50 सेंमीवर धरला की नाक कानाच्या मानाने 24 टक्के मोठं उतरतं. 2 मीटरवरून हाच फरक 6 टक्के. इथे फुल फ्रेम कॅमेरा 2 मीटरवर, डोळ्यांच्या उंचीला, 85 मिमी लेन्सने लावतात. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या कॅमेऱ्यात लेन्स 85 मिमी, सेन्सरची रुंदी 36 मिमी आणि तेवढंच अंतर ठेवलं की मॉडेल फोटोवर बसतं. ऑर्थोग्राफिकमध्ये, म्हणजे जवळचं-लांबचं सारख्याच मापात दाखवणाऱ्या दृश्यात, गिरवत बसलात तर डोकं मागे निमुळतं होणारच.

फिरतं स्टूल मात्र झकास. दर 45 अंशांवर टेपची खूण, त्यामुळे माणूस अख्खा फिरतो. नुसती मान वळवली की कानामागून गळ्याकडे उतरणारा स्नायू ताठ होतो, हनुवटी हलते आणि बाजूचा फोटो समोरच्याशी जुळत नाही. आठ कोनांची एक फेरी सपाट उजेडात, रंगासाठी. दुसरी एकाच दिव्यावर, उंचसखलपणासाठी. हनुवटीखालचा फोटो मागितल्याशिवाय मिळत नाही. पट्टीही आपलीच न्या आणि गालाच्या पातळीत धरा, पुढे-मागे धरली की माप चुकतं.

घोळ होतो तो नंतर. फाइली हातात आल्या तेव्हा नाकाकडून ओठांकडे येणारी घडी पुसलेली, आणि प्रत्येक फोटो चेहरा मधोमध आणून कापलेला. कापलेल्या फोटोचा मध्य सरकतो, मग कॅमेरा जुळवणं जिकिरीचं. 'रिटच नको, क्रॉप नको, मूळ फाइल द्या' हे बिलावरच लिहून घ्या. डाग राहू द्या म्हटलं की काउंटरवरचे काका बुचकळ्यात पडतात. त्यांच्या लेखी ती फुकटात केलेली सेवा!

पगडीतल्या पणजोबांचा जुना फोटो इथे 600 डीपीआयला नीट स्कॅन होतो. पण त्या काळी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवत, तेव्हा गुळगुळीत गालांवर विसंबू नका. पगडीखालची कवटी आधी पूर्ण घडवा: डोळे हनुवटी ते डोक्याच्या माथ्याच्या साधारण मध्यावर. नाहीतर पगडी थेट भुवयांवर ठेवल्यासारखी दिसते.