एसएसडीआय की एसएसआय?
आजारपणामुळे काम सुटलं की अमेरिकेत सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी सामाजिक सुरक्षेच्या, दरमहा पैसे देणाऱ्या या दोन योजनांपाशी माणूस येतो: एसएसडीआय (सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटी इन्शुरन्स) आणि एसएसआय (सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम). प्रौढांसाठी वैद्यकीय कसोटी दोन्हीकडे एकच आहे: आजार किमान 12 महिने टिकणारा किंवा जिवावर बेतणारा हवा, आणि त्यामुळे पुरेशी कमाई होईल असं काम करणं अशक्य झालेलं असावं. खरा फरक पैशाच्या बाजूला आहे.

एसएसडीआय हा विमा आहे. नोकरीत असताना पगारातून कर भरून तो कमावलेला असतो, म्हणून बँकेत किती शिल्लक आहे हे कुणी विचारत नाही. मात्र पहिले पाच पूर्ण महिने बहुतेकांना काहीच मिळत नाही, आणि मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, त्यानंतर आणखी 24 महिन्यांनी. ज्याला डॉक्टरची गरज आजच आहे, त्याला इतकं थांबवणं मला क्रूर वाटतं.

एसएसआयला नोकरीचा इतिहास लागत नाही, गरज दाखवावी लागते. एकट्याची मालमत्ता 2,000 डॉलरच्या आत हवी, जोडप्याची 3,000 च्या. राहतं घर त्यात धरत नाहीत. बहुतेक राज्यांत मेडिकेड, म्हणजे गरजूंसाठीचा सरकारी आरोग्य विमाही, सोबतच मिळतं. पण अर्जाआधीच्या महिन्यांचे पैसे मिळत नाहीत. एसएसडीआय मात्र 12 महिन्यांपर्यंत मागचे देऊ शकते. म्हणून एसएसआयचा अर्ज एक दिवसही लांबवू नका.

उत्पन्न आणि शिल्लक दोन्ही तुटपुंजी असतील, तर दोन्हीकडे अर्ज करा. नकार आलाच, तर 60 दिवसांत अपील करा. नव्याने अर्ज केलात, तर जुन्या अर्जाची तारीख, आणि तिच्यापासूनचे पैसे, हातचे जाऊ शकतात.