मोहरीला पैकीच्या पैकी, तेलाला नापास

कोथरूडमधल्या एका घरगुती लोणच्याच्या दुकानातून मे महिन्यात कैरीचं लोणचं आणलं. अर्ध्या किलोची बाटली, 240 रुपये. लेबलवर ठळक अक्षरात: ‘सोडियम बेंझोएट नाही, टिकतं ते फक्त मोहरीमुळे’. (सोडियम बेंझोएट म्हणजे पदार्थ टिकवायला घालतात ते रसायन.) मी दूध डेअरीच्या लॅबमध्ये 28 वर्षं जिवाणू मोजले. अशी वाक्यं मला स्वस्थ बसू देत नाहीत.

झाकण उघडलं आणि नाकात झिणझिण्या आल्या, डोळ्यांत पाणी. म्हटलं, चला, इथे मोहरी नीट फेसतात. अख्ख्या मोहरीला हा झणका नसतो. दाण्यात ग्लुकोसिनोलेट नावाचं द्रव्य एकीकडे आणि मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) दुसरीकडे असतं. डाळ वाटून पाणी लागलं की दोघांची गाठ पडते आणि आयसोथायोसायनेट तयार होतं. नाकात चढतं ते हेच, आणि ई. कोलाय, साल्मोनेलासारख्या जिवाणूंना आवरतं तेही हेच. पण न फेसलेल्या मोहरीवर कडकडीत फोडणी ओतली की विकर मरतं आणि झणका येतच नाही. म्हणून गल्ल्यावरच्या दादांना मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, “छे हो काकू, आधी मोहरी फेसतो. फोडणी पार गार झाल्याशिवाय घालत नाही.” पैकीच्या पैकी मार्क.

पहिली बाटली महिन्याभरात संपली. फोडी करकरीत, खार दाट, मेथी किंचित जास्त.

दुसरी जुलैत आणली. तेल जेमतेम खारापर्यंत, वरच्या चार फोडी उघड्या. बाराव्या दिवशी त्यांच्यावर पांढरी बुरशी. सगळं टाकलं, वरचं काढून खालचं खाणाऱ्यातली मी नाही. दुकानात सांगितलं तर उत्तर काय, “ओला चमचा गेला असेल.” माझ्या घरात लोणच्याला ओला चमचा! बाटली बदलून दिली नाही ती नाहीच.

आता लेबलबद्दल. मोहरीचा झणका उडून जाणारा, बाटली उघडझाप करताना रोज थोडा कमी होतो. खरी राखण कैरीचा आंबटपणा आणि मीठ करतात, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या खाली असला की बोटुलिनम या जीवघेणं विष बनवणाऱ्या जिवाणूची डाळ शिजत नाही. बुरशीला मात्र आंबटाचं वावडं नसतं, तिला हवा लागते, आणि हवा अडवतं ते वरचं तेल. मोहरी या सगळ्यांच्या मदतीला. आणि बेंझोएटचा एवढा बाऊ कशाला? ते ज्या बेंझोइक आम्लाचा क्षार, ते आम्ल दालचिनीतही निसर्गतः असतं.

पाचपैकी साडेतीन तारे. चवीसाठी परत घेईन, पण घरी आणल्याबरोबर पाव वाटी तेल कडकडीत तापवून, पूर्ण गार करून वर ओतेन. त्याचे पैसे 240 मधून वजा करायला हवेत खरं तर.