कम्फर्टेबली नम्ब: रेकॉर्डवरचा सोलो की पल्सवाला?

पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या या गाण्यातला शेवटचा गिटार सोलो रेकॉर्डवरचा भारी की पल्स या लाइव्ह कॉन्सर्टमधला, यावर आमच्या ग्रुपात दर पावसाळ्यात एकदा तरी भांडण होतंच. १९७९ च्या द वॉल या अल्बमवरचा सोलो बँडचा गिटारिस्ट डेव्हिड गिलमोरने एका दमात वाजवलेला नाहीये, त्याने पाच-सहा वेळा वाजवला आणि मग त्यातले चांगले चांगले तुकडे निवडून एक केला, तरी ऐकताना कुठे जोड दिसत नाही राव! एक सूर फुकट नाही. पण ऐन रंगात आला की फेड आउट, आवाज हळूहळू विरूनच जातो, म्हणजे पंगतीत बसवून जिलेबी यायच्या आत उठवल्यासारखं.

पल्समध्ये, म्हणजे १९९४ ला लंडनच्या अर्ल्स कोर्टला, तो फेडच नाही. मागे ड्रम्स वाढत जातात, वर तो प्रचंड आरशांचा गोळा उघडतो आणि हा माणूस लाल स्ट्रॅटोकास्टर गिटार घेऊन जवळपास जागचा न हलता एकेक नोट इतकी ताणतो की आपलाच श्वास अडकतो. गिटारचा आवाजही वेगळा, द वॉलवर त्याची ती काळी स्ट्रॅट होती, इथल्या लालमध्ये ईएमजी कंपनीचे पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग), त्यामुळे जास्त गुळगुळीत वाटतो. मधे थोडं रिपीट होतं, मान्य. गिटार शिकणाऱ्याने आधी रेकॉर्डवरचाच बसवावा, त्याचं वाक्य न् वाक्य लक्षात राहतं. मी मात्र रात्री हेडफोन लावून पल्सच ऐकतो, आणि शक्यतो व्हिडिओसकट.