लास्टिकला बांधलेला चेंडू: पाच महिने वापरल्यावर

जानेवारीत टीव्हीवर ऑस्ट्रेलियन ओपन चालू होती, तेव्हापासून माझ्या लेकीने टेनिसचा ध्यास घेतलाय. ती नऊ वर्षांची. आम्ही अमळनेरला राहतो. नीट शिकवणारं कोर्ट गाठायचं तर धुळं नाही तर जळगाव, आणि शाळा सांभाळून रोज तेवढं जाणं-येणं आमच्याने होण्यासारखं नाही. म्हणून घरच्या घरी सराव करायचं साधन ऑनलाइन मागवलं. प्लास्टिकची पोकळ बैठक, तिला चारेक मीटर लास्टिक, त्याच्या टोकाला चेंडू. मारलेला चेंडू लास्टिक परत ओढून आणतं. किंमत ७४९ रुपये.

बैठकीत पाणी भरा, असं सोबतच्या कागदावर आहे. दीड लिटर मावतं, म्हणजे दीड किलो. पोरीने जरा जोर लावला की बैठक फरशीवरून सरकत जायची. मग पाणी ओतून टाकलं आणि बांधकामातली उरलेली रेती चाळून, वाळवून भरली. तेवढ्याच जागेत रेती पाण्याच्या दीडपट तरी जड भरते. तोंड अरुंद आहे, कागदाचं नरसाळं करून अर्धा तास गेला. खालून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. त्यानंतर ती हललेली नाही.

आता लास्टिक. मी गेली सोळा वर्षं शिवणकाम करते, रोज हातातून लास्टिक जातं, त्यामुळे याबद्दल मला ठामपणे सांगता येतं. या साधनाचा जीव त्या दोरीतच आहे आणि कंपनीने काटकसर केली ती तिथेच. आत रबराचे बारीक धागे, वरून विणलेलं आवरण. ताणून सोडल्यावर जे मूळ मापावर येतं ते चांगलं लास्टिक. मी पहिल्या दिवशी टेपने मोजलं होतं: ३ मीटर ९० सेंटीमीटर. मेच्या शेवटी, न ताणता, ४ मीटर २५. आपल्याकडचं ऊन रबराला सोसत नाही. अंगणात राहू दिलं की रबर आतून तडकतं, वरचं आवरण मात्र धडधाकट दिसतं, म्हणून फसायला होतं. सराव संपला की दोरी गुंडाळून सावलीत ठेवा, हे त्या कागदावर पहिल्या ओळीत हवं होतं.

जूनमध्ये ती तुटली. चेंडूजवळच्या गाठीपाशी, जिथे प्लास्टिकची कडी सारखी घासते तिथे. चेंडू शेजारच्यांच्या गच्चीवर गेला आणि दोरीचं टोक उलटं येऊन लेकीच्या दंडाला लागलं. वळ उठला. डोळ्याला लागलं असतं तर, या विचाराने मला रात्री झोप आली नाही. ज्यांच्या घरी असं साधन आहे त्यांनी रोज खेळण्याआधी गाठीपासचा वीतभर भाग बोटांनी चाचपून बघाच. आवरणाचे दोरे सुटलेले दिसले तर त्या दिवशी खेळ बंद.

नवी दोरी मीच केली. बाजारातून गोल लास्टिक आणलं. पहिलं फार कडक निघालं, चेंडू अंगावर धावून यायचा. दुसरं मऊ मिळालं. गाठ मारली नाही, कारण तुटतं ते गाठीतच. टोक दुमडून त्यावर नायलॉनची पट्टी बसवली आणि मशीनवर झिगझॅग टीप चार वेळा फिरवली. सगळा खर्च साठ रुपये. अजून टिकून आहे.

चेंडूबद्दल. खोक्यावर 'स्पर्धेच्या दर्जाचा चेंडू' असं छापलंय. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तो कडीसकट ४७ ग्रॅम भरला. स्पर्धेच्या चेंडूचं वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असावं लागतं. २५४ सेंटीमीटरवरून कठीण जमिनीवर सोडला तर तो १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळला पाहिजे. मी भिंतीवर खडूने खुणा करून पाहिलं, हा ११०च्या वर गेला नाही. एरवीच्या चेंडूत हवेचा दाब असतो, त्याला दोरीसाठी भोक पाडलं की दाब जाणारच. लहान मुलीला हळू चेंडू वाईट नाही, उलट तोच हवा. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत हळू चेंडू सक्तीचे केलेत: लाल, नारिंगी आणि हिरवे. लाल सगळ्यात हळू, नेहमीच्या चेंडूपेक्षा ७५ टक्के. माझी तक्रार खोट्या छापण्याची आहे. नंतर मी लाल चेंडू मागवला, दाभणाने आरपार टोचून नवी दोरी ओवली, आणि खेळात लगेच फरक पडला. चेंडू कमरेच्या उंचीवर येऊ लागला, पोरीला रॅकेट मागे न्यायला वेळ मिळू लागला.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'पेटंटेड' आहे. मी ते वाचूनच भुलले होते. पण पेटंटचा क्रमांक कुठेच नाही. क्रमांक असता तर भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता आला असता. शिवाय पेटंट म्हणजे कल्पना नवी आहे एवढंच, दोरी टिकेल याची हमी नव्हे. माझ्या मशीनच्या सुईला नेढं टोकाशी असतं, त्या रचनेच्या शिलाई मशीनचं पेटंट एलियस हाऊ यांना १८४६ साली मिळालं आणि आजही माझी प्रत्येक टीप तशाच सुईने पडते. टेनिससुद्धा पेटंटातूनच वर आलं: वॉल्टर विंगफिल्ड यांनी १८७४ साली इंग्लंडमध्ये कुठेही उभारता येणाऱ्या कोर्टाचं पेटंट घेतलं होतं. अशा शब्दाच्या मागे काहीतरी असायला हवं, म्हणून राग येतो.

घ्यावं का? नजर आणि हात बसवायला उपयोग होतो. सुरुवातीला तिचे सलग तीन फटके व्हायचे, आता चाळीस होतात. सासूबाई ओट्यावरून विचारतात, "काय करी ऱ्हायनी वं?" आणि मग स्वतःच फटके मोजत बसतात. पण पाय शिकत नाहीत. चेंडू दरवेळी बैठकीच्याच दिशेने परत येतो, त्यामुळे धावावं लागत नाही, आणि जितकं जोरात माराल तितका तो घाईने येतो. समोरचा माणूस असा खेळत नाही. म्हणून आम्ही रोज पंधरा मिनिटंच दोरीचा चेंडू ठेवलाय. उरलेला वेळ मागच्या भिंतीवर, सुट्या लाल चेंडूने. भिंतीवर मी ९१.४ सेंटीमीटरवर चुन्याची रेघ ओढून दिलीय, जाळीची मधली उंची तेवढीच असते. रेघेखाली लागलेला फटका ती मोजत नाही.